जुनी पिकअप चढाला तापते? आधी ती कधी तापते ते बघा, मग पाना हातात घ्या

गाडी तापते म्हणून गॅरेजला नेली की पहिला प्रश्न "कधी तापते?" हा विचारायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच विचारला जात नाही. सरळ थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा छोटा दरवाजा) काढून टाकतात, नाहीतर रेडिएटर खोलायला पाठवतात, नाहीतर "हेड (म्हणजे इंजिनचा वरचा भाग) काढावं लागेल शेठ" म्हणतात आणि मालक बिचारा दोन दिवस भाडं बुडवून बसतो, मग गाडी परत येते आणि पुढच्या घाटात परत टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत. माझं म्हणणं एवढंच आहे की उभी असताना तापणारी, चढाला तापणारी, सपाट रोडवर पळताना तापणारी आणि थंड स्टार्टनंतर पाच मिनिटांत तापणारी, या चार वेगवेगळ्या गाड्या आहेत, यांचं दुखणं वेगळं आणि औषध पण वेगळं. हे आधी ओळखलं तर निम्म्याहून जास्त वेळा काम काहीशे रुपयांत भागतं.

मी इथे जुन्या डिझेल पिकअप डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे दहा-बारा वर्षं वापरलेली बोलेरो पिकअप, टाटा २०७, झेनॉन वगैरे. बाकी गाड्यांनाही तत्त्व तेच, फक्त पार्ट इकडेतिकडे असतात. आपल्याकडे हा त्रास सगळ्यात जास्त एप्रिल-मे मध्ये कोकणातून वर येणाऱ्या गाड्यांना होतो. देवगडकडून आंबा भरून वैभववाडीहून गगनबावड्याला चढायचं, किंवा साखरप्याहून आंबा घाट, चिपळूणहून कुंभार्ली. बाहेर ३८-४० डिग्री, मागे भरलेला हौदा, दुसरा गिअर, स्पीड वीस, म्हणजे इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि समोरून वारा जवळपास नाहीच. कूलिंग सिस्टीममध्ये बारीकशी जरी खोट असेल तरी ती इथे उघडी पडते, सपाटीवर वर्षभर कळत नाही.

काटा आत्ता वर चाललाय, काय करू?

आधी हे सांगतो कारण रस्त्यात मोबाईल काढून वाचणाऱ्याला हेच हवं असतं. काटा नेहमीच्या जागेवरून सरकायला लागला की लगेच एसी असेल तर बंद, आणि हीटर असेल तर फुल गरम करून ब्लोअर जोरात. हो, मे महिन्यातसुद्धा. हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची गर्मी केबिनमध्ये ओढतो, तुम्हाला घाम फुटेल पण काटा बरेचदा खाली येतो. टॉप गिअरमध्ये रेमटवत असाल तर एक गिअर खाली घ्या म्हणजे फॅन आणि वॉटर पंप जरा जोरात फिरतील, ॲक्सिलरेटर कमी दाबा.

तरी चढतोय तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, पार्किंग लाईट लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा (आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाका, रात्री मागून येणाऱ्या टू-व्हीलरवाल्याचा जीव जातो त्यात). आता इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं? वाफ येत असेल, पाणी खाली गळत असेल, बॅटरीचा लाल दिवा पण लागला असेल किंवा काटा लाल पट्टीच्या टोकाला असेल तर ताबडतोब बंद. यातलं काहीच नाही, नुसता काटा वर आलाय, तर न्यूट्रलला थोडा रेस देऊन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, पाणी फिरत राहतं, फॅन हवा मारतो आणि गाडी हळूहळू खाली येते. येत नसेल तर बंद करा.

एक गोष्ट खास लक्षात ठेवा. काटा वर होता आणि अचानक एकदम खाली, थंडवर पडला, तर खूश होऊ नका. पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडलाय आणि त्याला काही कळतच नाहीये. हेड बेंड होण्याच्या बऱ्याच केस अशाच होतात, ड्रायव्हर म्हणतो काटा तर खालीच होता.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी प्रेशरखाली शंभर डिग्रीच्या वर असतं पण प्रेशरमुळे उकळत नाही, झाकण उघडलं की प्रेशर जातं आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. चेहरा, डोळे, छाती भाजते, फार वाईट भाजते. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होस पाईप हाताने दाबून बघा, तो मऊ आणि हाताला सोसवेल इतका झाला की मग जाड ओलं फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स थांबलं की मग पूर्ण. आणि तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतू नका, बाहेरून तर अजिबात मारू नका, हेड तडकतं. इंजिन थंड होऊ द्या, मग स्टार्ट करून स्लोवर ठेवून थोडं थोडं पाणी घाला.

खरंच तापतेय की काटाच खोटं बोलतोय?

जुन्या गाडीत हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर ऑनलाईन हजार-दीड हजाराच्या आत मिळतं, चार गाडीवाल्यांनी मिळून घेतलं तरी चालेल. गाडी गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर आणि वरच्या होसच्या तोंडाशी मारून बघा. ८५ ते ९५ च्या आसपास दाखवत असेल आणि काटा मात्र लालला टेकलाय, तर दुखणं इलेक्ट्रिकचं आहे. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळी टेप चिकटवून तिच्यावर मारा.

सिंगल वायरचा जुना सेन्सर असेल तर अजून एक सोपी टेस्ट. स्विच ऑन करा, सेन्सरची वायर काढा, काटा थंडवर पडला पाहिजे. ती वायर सोललेली असून बॉडीला कुठे टेकत असेल तर काटा खाली पडणारच नाही, तिथेच चोर सापडला. इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलेली असली तरी मीटर उलटसुलट दाखवतो, हेडलाईट लावल्यावर टेम्परेचरचा काटा हलत असेल तर अर्थिंगच बघा.

कधी तापते?

आता मुद्द्यावर. गाडी ट्रॅफिकमध्ये, टोलच्या रांगेत, मार्केटच्या गेटवर उभी असताना तापते आणि रोडला लागल्यावर बरी होते, तर संशय फॅनवर. कारण पळताना वारा आपोआप मिळतो, उभी असताना फक्त फॅनचा असतो. हायवेला ऐंशीने पळताना तापते पण उभी असताना ठीक, तर फॅनचा काही संबंध नाही, पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर आतून चोक आहे, नाहीतर खालचा होस आत ओढला जातोय. फक्त लोड घेऊन चढाला तापते, रिकामी असताना कितीही चढवा काही होत नाही, तर रेडिएटर अर्धा चोक, फॅन अर्धवट, लोड पासिंगच्या (आरटीओने ठरवून दिलेल्या वजनाच्या) बाहेर किंवा ब्रेक धरलेला, यातलं काहीतरी, आणि जुन्या गाडीत बरेचदा दोन गोष्टी एकत्र असतात. सकाळी थंड स्टार्ट केली आणि पाच-सात मिनिटांत तापली, पाणी फेकलं, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, एअर लॉक आहे म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय, किंवा हेडचं गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलंय. आणि कुठे गळत नाही तरी पाणी रोज कमी होतं, तर तो वेगळाच विषय, त्यावर खाली येतो.

हे ड्रायव्हरला विचारा. मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं, नीट विचारलं की तो सगळं सांगतो.

थंड गाडीवर सुरुवात: पाणी, झाकण, होस, पट्टा

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण काढून आत बघा, पाणी तोंडापर्यंत हवं. बाजूची बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र खाली, असं असेल तर झाकण खराब किंवा बाटलीला जाणारी बारीक नळी फुटकी. कारण सिस्टीम अशी आहे की गरम झाल्यावर जास्तीचं पाणी बाटलीत जातं आणि थंड होताना झाकणातला छोटा वॉल (व्हॉल्व्ह) उघडून ते परत ओढलं जातं, तो वॉल अडकला तर पाणी परत येत नाही, हवा भरते. गाडी थंड झाल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसला तर तोही याच वॉलचा पुरावा.

या झाकणाकडे लोक साधं झाकण म्हणून बघतात, पण सिस्टीमचं अख्खं प्रेशर त्याच्या स्प्रिंगवर आहे. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० ला उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५-९६ लाच. ०.९ बारचं झाकण असेल तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं, आणि अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर अजून वर. म्हणजे झाकणाचं रबर चिरलंय, स्प्रिंग सैल झालीय तर तुम्ही अख्खा सेफ्टीचा पट्टा घालवून बसलाय, इंजिनमध्ये काही दोष नसताना घाट चढता चढता पाणी उकळणार. झाकणावर ०.९ किंवा १३ असा आकडा असतो, कंपनीने दिलेला तोच घ्या, जास्त आकड्याचं लावून फायदा नाही, जुना रेडिएटर फुटेल. रबर जरा जरी कडक वाटलं तरी नवीन झाकण टाका, सगळ्यात स्वस्त काम आहे हे. काही मॉडेलला झाकण रेडिएटरवर नसून प्लास्टिकच्या प्रेशरच्या टाकीवर असतं, तिथेही हाच नियम, आणि ती टाकी उन्हाने पिवळी पडून जोडाला चिरलीय का तेही बघा.

होस पाईप दाबून बघा. फुगलेला, तेल लागून लिबलिबीत झालेला किंवा कडक होऊन चिरा पडलेला असेल तर बदला. खालच्या होसकडे खास लक्ष द्या, वॉटर पंप तिथून पाणी ओढतो, आणि होस म्हातारा झाला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली की जोरात रेस दिल्यावर तो आत चिकटतो, पाणी बंद. गाडी गरम करून एकाला रेस द्यायला सांगा आणि लांबून नजर ठेवा, हात फॅनपासून दूर, गळ्यातला पंचा काढून ठेवा.

फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबला पाहिजे. जास्त दबतो म्हणजे ढिला, लोडवर घसरतो, चुंई चुंई आवाज येतो, पंप आणि फॅन दोन्ही कमी फिरतात. बाजूने काचेसारखा चकाकत असेल तर ताणून उपयोग नाही, नवीन टाका. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही असतात, म्हणून चालता चालता बॅटरीचा दिवा लागला आणि काटा वर निघाला तर पट्टा तुटला असं धरून गाडी लगेच थांबवा, "पुढच्या गावात बघू" म्हणायचं नाही.

फॅन

फॅन पट्ट्यावर फिक्स असेल तर बघायचं ते एवढंच की पाती तुटलेली नाहीत, उलटी बसवलेली नाहीत (इंजिनचं काम झाल्यावर असं होतं, खरंच होतं) आणि फॅनभोवतीचा प्लास्टिकचा घेरा जागेवर आहे. हा घेरा मिस्त्री लोक काम करताना अडचण होते म्हणून काढतात आणि परत लावतच नाहीत. त्याच्याशिवाय फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. घेरा नसेल तर भंगारवाल्याकडून का होईना पण मिळवा.

व्हिस्कस फॅन असेल, म्हणजे मधे गोल फिनवाला डबा असतो तो, तर त्यात सिलिकॉन ऑईल असतं आणि गरम हवा लागली की तो घट्ट पकड घेतो. इंजिन बंद करून गरम असताना हाताने फिरवा, जड लागला पाहिजे. झटका दिल्यावर भिंगरीसारखा चार-पाच फेऱ्या मोकळा फिरला तर गेला. डब्याच्या मधून तेलकट रेघा बाहेर आलेल्या दिसल्या तरी गेला. तो वेल्डिंग करून किंवा बोल्ट मारून फिक्स करून देणारे भेटतात, घरी पोचायला ठीक, पण कायमचं नको, पंपाच्या बेअरिंगवर सतत ताण येतो, डिझेल जास्त जातं.

इलेक्ट्रिक फॅन असेल तर फ्यूज, रिले, मग फॅनला बॅटरीवरून डायरेक्ट करंट. डायरेक्ट दिल्यावर जोरात फिरला तर मोटर ठीक, स्विच किंवा रिले बघा.

रेडिएटर, आधी बाहेरून

हॉर्न, जास्तीचे दिवे, मोठी नंबर प्लेट, सणाचा हार, हे सगळं रेडिएटरच्या समोर लावलेलं असतं. काढा. मग टॉर्च मागून धरून समोरून बघा, उजेड आरपार दिसतोय का. उसाची पाचट, चिखल, किडे, कापसाचे तंतू जाळीत बसलेले असतात, आणि एसीची गाडी असेल तर कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तर कित्येक वर्षांचा कचरा असतो जो समोरून दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने समोरच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जाईल, साध्या नळीने. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की फिन आडव्या होतात आणि मग हवेची वाटच बंद.

आतला चोकअप ओळखायला गाडी पूर्ण गरम करा, इंजिन बंद करा, थर्मामीटरने रेडिएटरच्या अंगावर ठिकठिकाणी मारा. पाणी जिकडून येतं तिथून निघतं तिकडे आकडा सारखा उतरत गेला पाहिजे. मधेच मोठा थंड पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. कारण शंभरात नव्वद वेळा बोअरचं पाणी. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात इतका क्षार असतो की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या वॉटर जॅकेटमध्ये बसतो, आणि जॅकेटमधला काढणं फार अवघड.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून देतो, चांगलं काम होतं. ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिक टाकीचा असेल तर सहसा नवीनच घ्यावा लागतो. घरी ॲसिड, कॉस्टिक असलं काही टाकू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. आणि लीकेज बंद करायला हळद टाकतात, ती लीक तात्पुरता बंद करते हे खरं, पण जी भोक बंद करते ती चांगली नळी पण बंद करते. घाटात अडकलाय, दुसरा उपाय नाही, तर टाका, आणि घरी आल्यावर लगेच फ्लश करा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि कोणाला पटत नाही. "आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅटची गरजच नाही" हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं.

थर्मोस्टॅट नुसता दरवाजा नाही. इंजिन थंड असताना पाणी बायपासच्या वाटेने इंजिनमध्येच फिरत असतं, आणि थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरची वाट उघडते आणि बऱ्याच इंजिनांत त्याच्याच खालच्या चकतीने बायपासची वाट बंद होते. आता तुम्ही तो काढला तर बायपास कायम उघडा. पाण्याला जी वाट सोपी तिकडे ते जातं, म्हणजे गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता परत इंजिनात. म्हणून थर्मोस्टॅट काढल्यावर सपाटीला गाडी थंड राहते आणि लोडवर घाटात उलट जास्त तापते, आणि मग सगळे रेडिएटरला दोष देतात. शिवाय रोजच्या चालवण्यात इंजिन कधी नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, पांढरा धूर, ऑईल लवकर खराब, लायनर-रिंगची झीज.

चेक करणं घरातल्या गॅसवर होतं. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, ८२ वगैरे. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि अजून दहा-बारा डिग्री वर गेल्यावर पूर्ण, आठ-दहा मिलीमीटर तरी. उशिरा उघडला, अर्धाच उघडला, थंड झाल्यावर पूर्ण बंद झाला नाही, तर नवीन घ्या. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि कडेला बारीक भोक किंवा लटकती पिन असते ती वरच्या बाजूला, हवा तिथून निघते.

गाडीवरच अंदाज घ्यायचा असेल तर थंड स्टार्ट करून वरच्या होसवर हात ठेवा. सुरुवातीला थंड, मग थर्मोस्टॅट उघडल्यावर एकदम गरम. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा आत नाहीच आहे. काटा वर पोचला तरी होस थंडच, तर बंद अडकलाय.

वॉटर पंप

पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ किंवा वाळलेल्या कूलंटचा पांढरा-हिरवा डाग दिसला तर सील गेलंय. पट्टा काढून पुली हलवून बघा, खेळ असेल किंवा फिरवताना खरखर येत असेल तर बेअरिंग. जे बाहेरून दिसत नाही ते म्हणजे आतली पंख्याची पाती, साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत ती गंजून खलास झालेली असतात, पुली व्यवस्थित फिरते पण पाणी ढकललं जात नाही. बाकी सगळं ठीक आहे, थर्मोस्टॅट नवीन आहे, रेडिएटर साफ आहे, तरी हायवेला तापते, तर पंप खोलून बघाच.

गॅस्केट

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते. हेड गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला जळालेला गॅस पाण्यात घुसतो किंवा पाणी सिलिंडरमध्ये, किंवा ऑईलमध्ये. ओळखायचं असं. रात्रभर थंड झालेली गाडी, झाकण काढून पाणी तोंडापर्यंत भरा, स्टार्ट करा आणि बघत राहा. सुरुवातीचे एखाद-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, पण रेस दिल्यावर सतत बुडबुडे येत राहिले किंवा पाणी उसळून बाहेर आलं तर गॅस आहे. दुसरी खूण, झाकण लावून थंड स्टार्ट केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होस दगडासारखा टणक होतो. एवढ्या थंड पाण्याला प्रेशर यायचं कारणच नाही, ते सिलिंडरचं आहे.

ऑईलची डिपस्टिक आणि ऑईल भरायचं झाकण बघा, दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी मिसळलंय, अशी गाडी एक किलोमीटर पण चालवू नका, बेअरिंग जातील. पावसाळ्यात थोडं थोडं अंतरच चालणाऱ्या गाडीच्या नुसत्या झाकणाखाली थोडा फेस येऊ शकतो, म्हणून डिपस्टिकवर विश्वास ठेवा. पक्कं करायचं असेल तर चांगल्या गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर लावायची निळ्या पाण्याची नळी असते, जळालेला गॅस असेल तर त्या पाण्याचा रंग बदलतो. हेड काढायला होकार द्यायच्या आधी ही टेस्ट मागा. पाणी गायब होतंय पण गॅस्केट ठीक निघालं, आणि गाडीला ईजीआर कूलर (धुराचा काही भाग परत इंजिनात जातो, त्याला पाण्याने थंड करणारा पार्ट) असेल, तर तो पण आतून लीक होऊन पाणी सायलेन्सरमधून धुरात जातं, तेही तपासायला सांगा.

हेड काढलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेड टर्नरकडे पाठवा, सरळपट्टी आणि फीलर गेजने बेंड मोजायला लावा, तडा आहे का त्याची प्रेशर टेस्ट करा, ब्लॉकचा माथाही मोजा. बेंड हेडवर नवीन गॅस्केट म्हणजे महिनाभरात परत तेच काम. बोल्ट कंपनीच्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळायचे, अंदाजाने नाही. आणि गॅस्केट का गेलं ते शोधा, ते बहुतेक वेळा गाडी तापल्यामुळे गेलेलं असतं, म्हणजे मूळ दुखणं अजून गाडीतच आहे.

कूलिंगच्या बाहेरची कारणं

दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या ड्रम किंवा डिस्कजवळ थर्मामीटर मारा. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक धरतोय, इंजिन सतत ओढतंय. क्लच प्लेट घसरत असेल तरी आवाज वाढतो, स्पीड वाढत नाही, गाडी तापते. डिझेल पंपाचं टायमिंग हललं असेल तर काळा धूर, ओढ कमी, आणि गर्मी. सायलेन्सर आतून चोक असेल तरी तेच. आणि लोड, १.३ टन पासिंगच्या गाडीत अडीच टन भरून मे महिन्यात दुपारी घाट चढवला तर नवीन गाडी पण तापेल. भाड्याचा नाइलाज मला कळतो, पण मग निदान पहाटे किंवा रात्री चढवा.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

सगळं दुरुस्त करून शेवटी इथे घाई करतात आणि गाडी परत तापते. थंड इंजिनवर रेडिएटरचा खालचा कॉक आणि जमल्यास ब्लॉकचा प्लगही उघडा, जुनं पाणी पसरट भांड्यात घ्या, जमिनीवर सोडू नका, कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं चाटतात आणि मरतात. साफ पाणी येईपर्यंत धुवा. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. बॅटरीच्या दुकानातून घेताना डिस्टिल्ड वॉटरच मागा, ॲसिड नव्हे. हिरवं आणि लाल-केशरी कूलंट एकमेकांत मिसळू नका, काही मिसळली की घट्ट चिखल बनतो.

गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हीटर फुल गरमवर. झाकण उघडं, सावकाश बारीक धारेने भरा, मधेमधे वरचा होस हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. ब्लीडचा स्क्रू असेल तर तो सैल करून धार सलग येईपर्यंत ठेवा. मग स्टार्ट करून स्लोवर ठेवा, थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जाईल, तेवढं भरा आणि उकळी यायच्या आत झाकण लावा. गाडीला किती लिटर लागतं ते मॅन्युअलमध्ये असतं, त्यापेक्षा दोन लिटर कमी मावलं तर आत हवा आहे, परत करा.

ट्रायल आधी रिकामी, घराजवळ, मग अर्ध्या लोडवर एखाद्या छोट्या चढाला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना रेडिएटरमध्ये बघा, थोडं खाली गेलेलं असतं, भरा. तिसऱ्या सकाळी परत बघा. पाणी तिथेच असेल तर घाटाचं भाडं घ्या, पण सीटखाली पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, एक जादा फॅन बेल्ट, दोन-तीन होस क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर आणि पट्टा ताणायला लागणारे पाने ठेवा. परत पाणी कमी झालं असेल तर गाडी बाहेर काढू नका, खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. पुठ्ठ्यावर डाग पडला तर त्याच्या बरोबर वर लीक शोधा, आणि पुठ्ठा कोरडा राहिला तर गॅस्केटवाली निळ्या पाण्याची टेस्ट करून घ्या.